चौकटीवरचं नाव

मी घराचं दार रंगवलं, याहून जास्त काहीही केलेलं नाही. पुढे जे झालं त्यात सम्राट गेले, सेनापती आले, पलटण गेली आणि माझ्या अब्रूचं जे व्हायचं ते झालं. पण या सगळ्याची सुरुवात माझ्यापासून झाली असं गावात बोललं जातं, ते मला मान्य नाही. रोमन साम्राज्य माझ्या दाराला टेकून उभं होतं, तर तसं मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

दार रंगवायचं ठरलं ते विहीणबाईंमुळे. आमच्या तर्तुल्लाचं लग्न ठरलं होतं. स्थळ नदीच्या वरच्या अंगाला, नावेने तीन दिवसांवर. मुलगा शांत, आणि त्याची आई डोम्निकाबाई बोलते म्हणूनच तो शांत असावा. बोलणी करायला आल्या तेव्हा बाईंनी अख्खा धुरावलेला मासा एकटीने संपवला, आमच्या द्राक्षारसात पाणी जास्त आहे हे सांगितलं, आणि निघताना दारापाशी थबकून विचारलं, "दाराला कीड लागलीय का हो?"

"नाही, रंगच तसा आहे," माझी बायको उर्सिना म्हणाली.

"कुठला रंग?" विहीणबाईंनी इतक्या निरागसपणे विचारलं की उर्सिना पुढे चार दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हणजे बोलली, पण फक्त दाराबद्दल.

आता मी कोण, हे सांगायला हवं. मी प्रिमिनस, गावच्या सभेचा सभासद. माझे वडीलही सभासद होते आणि आजोबाही. टक्कल येतं तसं हे पद आमच्याकडे बापाकडून मुलाकडे येतं, आणि टकलासारखंच ते परत देता येत नाही. गावात काहीही कमी पडलं की ते सभासदाने भरून द्यायचं. आमचे एक चुलते कंटाळून पळून गेले आणि मठात शिरले, तर सरकारने त्यांना तिथून उचलून आणून पुन्हा सभेत बसवलं. ते अजूनही येतात, पण कोणाशी बोलत नाहीत. अशा माणसाने रंगाऱ्याला बोलावणं परवडण्यासारखं नव्हतं, आणि तसाही गावातला शेवटचा रंगारी दोन वर्षांपूर्वी इटलीला निघून गेला होता. तेव्हा मी गेरू कुटला, जवसाच्या तेलात कालवला आणि एका सकाळी बाह्या सरसावून दार, चौकट, उंबरठा, सगळं लालभडक करून टाकलं. इतकं सुंदर काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं. मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन दाराकडे बघत उभा राहिलो.

तेवढ्यात शेजारचे गौडेंतियस बाहेर आले. हे सुभेदाराच्या कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. त्यांना सगळे कायदे पाठ आहेत, आणि दुसऱ्या कोणावर कायद्याचं बालंट आलं की त्यांची तब्येत सुधारते.

"वा, वा," ते म्हणाले. "आणि उजव्या चौकटीवर खडूने काहीतरी लिहिलेलं होतं, ते कुठं गेलं?"

"पोरांनी काहीतरी गिरगटलं होतं. रंगाखाली गेलं."

गौडेंतियसांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं समाधान पसरलं. "प्रिमिनस, काल दुपारी तुम्ही घोरत असताना पलटणीचा मोजणीदार आला होता. तुमच्या घरी उतरायला येणाऱ्या शिपायाचं नाव त्याने तुमच्या चौकटीवर लिहिलं. ते नाव पुसणं म्हणजे खोटा दस्तऐवज करण्याचा गुन्हा."

शिपाई घरी उतरणं म्हणजे काय, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही कळतं. घराचे तीन हिस्से करायचे. पहिला हिस्सा मालकाने निवडायचा, दुसरा पाहुण्याने, उरलेला पुन्हा मालकाला. ऐकायला न्याय्य वाटतं. पण मालक स्वयंपाकघर सोडू शकत नाही, म्हणून पहिली निवड तिथेच संपते, आणि मग पाहुणा हसत हसत दिवाणखाना निवडतो. आमचा दिवाणखाना म्हणजे गावात नाव असलेली खोली. जमिनीवर माशांची नक्षी, त्यातले दोन मासे सोडले तर सगळे शाबूत. तर्तुल्लाचं लग्न तिथे व्हायचं होतं. ते दिवाणखान्यात झालं नाही तर विहीणबाई परत जातील, हे सांगायला कोणी ज्योतिषी नको होता.

"मीच पुन्हा लिहून टाकू का नाव?" मी विचारलं.

"म्हणजे दोन गुन्हे. आणि नाव काय होतं?"

ते मी वाचलंच नव्हतं.

गौडेंतियस बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले. कोपरापर्यंत लाल. मग हळूच म्हणाले, "वैद्य, शिक्षक आणि पाद्री, यांच्या घरी शिपाई उतरवता येत नाही. आणि अजून एक माफी आहे, जुनी, कोणाच्या लक्षात नसलेली. चित्रकार! चित्रकला शिकवणाऱ्यालाही माफी आहे. चित्रकार आपल्या चौकटीला रंग देणारच. त्यात पुसण्याचा हेतू कुठं आला?"

"पण मी शिकवतो कोणाला?"

"मला," गौडेंतियस म्हणाले, आणि तिथल्या तिथे त्यांनी अर्ज लिहायला घेतला. मला तेव्हाच कळायला हवं होतं की या गृहस्थाला आयुष्यात एकदा तरी एखाद्या प्रकरणात आतून असावं अशी इच्छा होती.

तिसऱ्या दिवशी शिपाई आला. नाव वाल्डरिक, दाराच्या चौकटीत मावणार नाही एवढा आडवा, खांद्यावर अंथरूण. बरोबर मोजणीदार, हातात यादी. यादीत माझं घर होतं, चौकटीवर मात्र नाव नव्हतं. मी अर्ज पुढे केला. मोजणीदाराने तो दोनदा वाचला, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि असा अर्ज आपल्या हयातीत आलेला नाही म्हणून तो सभेपुढे जाईल, असं सांगून निघून गेला. जाताना वाल्डरिकला म्हणाला, "निकाल लागेपर्यंत तू या घरात आहेसही आणि नाहीसही."

"मग झोपू कुठं?" वाल्डरिकने रास्त प्रश्न विचारला.

तो आमच्या लाकडाच्या खोपीत झोपला. पहिल्या आठवड्यात उर्सिना त्याला उरलेली लापशी देत होती. दुसऱ्या आठवड्यात त्याने कौलं शाकारून दिली, तेव्हा ती त्याच्यासाठी चीज बाजूला काढून ठेवू लागली. माझं चीज. हा वाल्डरिक मूळचा नदीपलीकडचा. त्याचा सख्खा भाऊ अजून पलीकडच्या राजाच्या चाकरीत होता. रोज सकाळी पहाऱ्यावर गेला की तो तटावरून ओरडायचा, "आईचा गुडघा कसा आहे?" आणि पलीकडून उत्तर यायचं, "सुजलाय!" आमची सीमा ही अशी राखली जात होती. पलटणीच्या यादीत पाचशे नावं होती. तटावर बारा माणसं होती. बाकीच्यांचं काय, असं मी एकदा वाल्डरिकला विचारलं.

"काही मेले, काही शेती करतात," तो म्हणाला. "यादीतून नाव काढलं तर त्याचा पगार यायचा बंद होईल ना."

"पण पगार तर तुमचाही येत नाही."

"नाही येत. पण आला तर पाचशेंचा येईल." आमच्या पलटणीचा कारभार इतक्या मोजक्या शब्दांत मला कोणी सांगितला नव्हता.

सभेत माझा अर्ज वाचला गेला तेव्हा सभापती उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मला वाटलं, थट्टा करतायत. तसं असतं तर बरं झालं असतं. राजधानी राव्हेन्याहून पत्र आलं होतं: नवे सम्राट गादीवर बसलेत, गावोगावच्या सभागृहात त्यांचं चित्र लागलं पाहिजे. गावात रंगारी नाही. आणि आता बघा, देवाने आमच्यातच एक काढून दिला! माफी मंजूर, फक्त पुरावा म्हणून सभागृहाच्या भिंतीवर सम्राट काढून द्या.

मी सम्राटांना पाहिलेलं नव्हतं. गावात कोणीच पाहिलेलं नव्हतं. पत्रात वर्णन होतं: शांत, तेजस्वी, विजयी. गौडेंतियस म्हणाले की मागच्या सम्राटांच्या पत्रातही हेच तीन शब्द होते, त्याच क्रमाने.

मी अंगापासून सुरुवात केली. जांभळा झगा फार चांगला जमला; म्हणजे तो गेरूतला जांभळा होता, पण अंधारात खपून जाईल असा. पायांना बोटं किती काढायची यावर माझा आणि माझ्या शिष्याचा, म्हणजे गौडेंतियसांचा, वाद झाला. तो म्हणाला, एका पायाला सहा झालीयत. मी म्हणालो, ते दुमडलेलं वस्त्र आहे. चेहऱ्यासाठी मी आमच्या भटारखान्यातल्या माणसाला समोर बसवलं, कारण तो शांत होता आणि भट्टीमुळे तेजस्वीही. चेहरा वाळत आला आणि बातमी आली की या सम्राटांना त्यांच्याच सेनापतीने खाली खेचलं. आता दुसरे आहेत. शांत, तेजस्वी, विजयी.

मी चेहरा खरवडला. दुसरा काढला, या खेपेला दाढीसकट. तो पुरा होतोय तोवर दाढीवालेही वारले. तिसऱ्याची तर फक्त भुवई झाली होती. यात दोन वर्षं सरली, आणि माफी अडकली म्हणून तर्तुल्लाचं लग्नही लांबलं. सभापती रोज येऊन विचारायचे, "झाला का?" आणि मी विचारायचो, "आहेत का?" पलीकडच्या राजाने एवढ्या काळात एक बाण मारला नव्हता. सम्राट बदलायला आमचे आम्हीच पुरे होतो. ज्याच्या हातात फौज तो सम्राट नेमायचा, नेमलेला डोईजड झाला की काढायचा, आणि प्रत्येक खेपेला सीमेवरची थोडी माणसं इटलीत बोलावून घ्यायचा, कारण सीमेपेक्षा त्यांना एकमेकांचीच भीती जास्त.

शेवटी तोडगा माझ्या शिष्याने काढला. अंग भिंतीवर राहू द्या. मानेपाशी खिळा ठोका. चेहरा वेगळ्या फळीवर काढा आणि अडकवा. बदलला की फळी बदला. मला ही कल्पना कलेचा अपमान वाटली. मी तसं बोलूनही दाखवलं. दुसऱ्या दिवशी खिळा ठोकला. मध्ये एकदा सुभ्याचा तपासनीस आला तेव्हा फळी अडकवायची राहून गेली होती. त्याने डोकं नसलेल्या सम्राटापुढे उदबत्त्या लावल्या, वाकून नमस्कार केला आणि समाधानाचा शेरा लिहिला. मला मात्र तेव्हा एक गोष्ट कळली, आणि ती सांगायला लाज वाटत नाही: मला ते चित्र आवडायला लागलं होतं. रात्रीचं जेवण झालं की मी उर्सिनाला वस्त्राच्या चुण्यांबद्दल समजावून सांगायचो. ती म्हणायची, "अहो, वाढू का अजून?"

मग एका सकाळी वाल्डरिक अंथरूण गुंडाळून आला. इटलीत कोणा सेनापतीला कोणालातरी सम्राट करायचं होतं, आणि त्यासाठी होती नव्हती ती सगळी माणसं हवी होती. बाराच्या बारा निघाले होते. साम्राज्य वाचवायला, असं हुकमात लिहिलं होतं.

"आणि इथलं काय?" उर्सिनाने विचारलं.

वाल्डरिकने तटाकडे बघितलं. "आई, इथलं हुकमात नाही," तो म्हणाला. तिने त्याला उरलेलं सगळं चीज बांधून दिलं. गाठ मीच मारली. तो रस्त्याच्या वळणावरून दिसेनासा झाला तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, खरीखुरी.

आठ दिवसांत खालच्या अंगाचं एक गाव जळाल्याची बातमी आली आणि मागोमाग विहीणबाईंचा निरोप. "दार रंगवलंत, छान. पण चौकटीवर शिपायाचं नाव नाही, असं कानावर आलं. ज्या गावात घरोघरी शिपाई उतरत नाही, त्या गावात पलटण नाही. आणि पलटण नसलेल्या गावची मुलगी म्हणजे उद्या तिच्या मागोमाग सगळं माहेर आमच्या दारात. नाव असेल तर येतो. नाहीतर सोयरीक विसरा."

तर्तुल्लाने निरोप ऐकला आणि आत गेली. रडली असती तर बरं. ती दिवाणखान्यातली माशांची नक्षी पुसत बसली, त्या फुटक्या दोन माशांसकट. मुलगा तिला मनापासून आवडला होता, हे मला त्या दिवशी कळलं. बापाला नेहमी शेवटी कळतं.

तेव्हा मी माझी माफी रद्द करून घ्यायला सभेपुढे उभा राहिलो. गर्दी केवढी! दोन वर्षांपूर्वी शिपाई नको म्हणून आजारी पडणारे सगळे आता नाव लिहून द्या म्हणून रांगेत होते. माझी अडचण अशी की मी चित्रकार नाही, हे मला सिद्ध करायचं होतं. मी भाषण तयार केलं होतं. नम्रपणे सांगणार होतो की कला ही सापेक्ष गोष्ट आहे, काही जाणकार माझ्या बाजूने बोलतीलही, तरी...

"चित्र बघू या," सभापती म्हणाले.

सगळे भिंतीकडे वळले. मला भाषणाचं पहिलं वाक्य अजून म्हणायचं होतं, तोवर निकाल लागला. एकमताने. सभेच्या इतिहासात एकमत पहिल्यांदाच झालं असावं. मठातून धरून आणलेले आमचे चुलते, जे वीस वर्षांत एक शब्द बोलले नव्हते, ते म्हणाले, "सहा बोटं." मी माझ्या शिष्याकडे आशेने पाहिलं. त्यानेही हात वर केला होता.

मोजणीदार पलटणीबरोबर गेला नव्हता. त्याला दम्याचा त्रास होता. तो दुसऱ्या दिवशी यादी घेऊन आला.

"कोणाचं नाव लिहू?"

"कोणी आहे का पण?"

"यादीत चारशे अठ्ठ्याऐंशी आहेत." त्याने बोट फिरवलं. "बोनोसस. चांगला माणूस होता. अकरा वर्षांपूर्वी तापात गेला." आणि त्याने माझ्या लाल चौकटीवर पांढऱ्या खडूने, वळणदार अक्षरात, बोनोससचं नाव लिहिलं. दिवाणखाना कायद्याने त्याचा झाला. पाहुण्याची हरकत नसेल तर मालकाने तो लग्नाला वापरावा, असं मोजणीदाराने सांगितलं आणि थोडा वेळ थांबून म्हणाला, "हरकत नाही."

विहीणबाई आल्या. आधी चौकट वाचली, मग पाय धुतले. लग्न दिवाणखान्यात लागलं. तर्तुल्लाच्या डोक्यावर भगवा पदर होता आणि तिने मुलाच्या हातात हात दिला तेव्हा उर्सिनाने माझा दंड इतक्या जोरात धरला की अजून वळ आहे. जेवणं झाली. माशाचा काटा काढता काढता विहीणबाईंनी विचारलं, "बोनोसस दिसले नाहीत ते?"

"पहाऱ्यावर," मी म्हणालो.

"लग्नाच्या दिवशीसुद्धा?"

"फार कर्तव्यदक्ष."

"हो का? बरं झालं. आमची नाव तटाखालूनच जाते. जाताना बघेन." त्यांनी काटा ताटाच्या कडेला ठेवला. "नाही दिसले तर मुलीला घाटावर उतरवून ठेवू. राग मानू नका हो, पण माणसाने खात्री करून घ्यावी."

उर्सिनाने माझ्याकडे पाहिलं. मी गौडेंतियसांकडे पाहिलं. ते कधी उठून गेले ते मला कळलं नाही, पण थोड्या वेळात ते मागच्या दाराशी उभे होते. हातात एक चामड्याचा अंगरखा, दोन भाले आणि छावणीतून आणलेलं शिरस्त्राण. त्यात कोंबडी अंडी घालत होती, एवढं त्यांनी सांगितलं.

पाठवणी सुरू झाली तेव्हा मी घरात नव्हतो. मुलीच्या पाठवणीला बाप हवा, तिला नावेपर्यंत धरून न्यायला हवा, आणि सगळ्यांदेखत थोडं रडायला हवं. मी दोन वर्षं त्याची तयारी करत होतो. त्याऐवजी मी तटाच्या जिन्यावर धापा टाकत होतो. खालून सनई ऐकू येत होती, बायका गात होत्या, आणि कोणीतरी विचारत होतं, "मुलीचे वडील कुठायत?" उर्सिनाचा आवाज आला, "सभेचं काम."

नाव तटाखाली आली. मी नदीकडे तोंड करून ताठ उभा राहिलो, भाला सरळ, नजर समोर. पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसतच होतं. विहीणबाई मान वर करून बघत होत्या. शेजारी तर्तुल्ला. तिनेही वर पाहिलं. माझा चेहरा शिरस्त्राणात अर्धा झाकलेला होता, तरी लेकीला काय, तिने एका नजरेत ओळखलं. तिच्या ओठांची हालचाल मला दिसली. "बाबा" असंच ती म्हणणार होती. मग तिने मान खाली घातली, पदर सारखा केला, आणि मला ऐकू येईल एवढ्या स्पष्ट आवाजात सासूला म्हणाली, "हे बोनोसस. आमच्याच घरचे आहेत."

"वयस्क दिसतात," विहीणबाई म्हणाल्या. पण नाव थांबली नाही.

मी हलू शकत नव्हतो, म्हणून डोळेही पुसू शकत नव्हतो. तर्तुल्लाने मागे वळून बघितलं नाही. फार शहाणी आहे माझी पोर. नाव वळणापलीकडे गेली, सनई थांबली, आणि शेजारच्या बुरुजावरून गौडेंतियसांचा आवाज आला. एकटा शिपाई बरा दिसत नाही म्हणून तेही आले होते, दुसरा भाला घेऊन.

"झालं एकदाचं," ते म्हणाले. "चला प्रिमिनस, उतरू या. थोडं जेवण राहिलं असेल."

मी शिरस्त्राण काढायला हात वर नेला आणि तेव्हा पहिल्यांदा खरोखर नदीपलीकडे पाहिलं. पलीकडच्या काठावर सात तराफे अर्धे पाण्यात ढकललेले होते. त्यांच्याभोवती माणसं होती, पुष्कळ, हत्यारांसकट. ढकलता ढकलता ती थांबली होती आणि आमच्या तटाकडे बघत काहीतरी बोलत होती. एकाने हात वर करून बोटाने मोजलं. एक. मग दुसऱ्या बुरुजाकडे वळून, दोन.

"गौडेंतियस," मी ओठ न हलवता म्हणालो, "उतरू नका."

त्यांनीही पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एखादा कायदा आठवला नाही. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो, आणि खाली गावात लोक लग्नाचं उरलेलं जेवत होते. थोड्या वेळाने मी भाला दुसऱ्या हातात घेतला आणि पोट आत ओढलं.